दारात न मावलेल्या खोल्या

अशी कल्पना करा की एक इमारत बांधायची आहे आणि ती कशी बांधायची हे तुम्ही ठरवायचं आहे. टेबलाच्या एका बाजूला विटा-वाळूत आयुष्य काढलेला कंत्राटदार बसलाय. दुसऱ्या बाजूला कारखान्याचा माणूस. तो म्हणतो, भिंती, जिने, अख्खी बाथरूमं आम्ही छपराखाली तयार करू, ट्रेलरवर घालून आणू, क्रेनने रचू. तुम्ही फक्त पाया तयार ठेवा. पहिल्या पद्धतीत वेळ फार जातो, पण अधेमधे मन बदलता येतं. दुसरीत वेळ वाचतो, पण बटण कुठे, नळ कुठे, पाइपाचं भोक कुठे हे आधीच ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की ठरलं. सांगा, काय कराल?

काहीही सांगा, चालेल. मी हेच शिकले आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते की दोन्ही पद्धतींनी चांगल्या इमारती उभ्या राहतात. या प्रश्नाला चुकीचं उत्तर एकच आहे, आणि ते एकट्या माणसाला सहसा सापडत नाही. त्यासाठी समिती लागते.

माझी आत्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. तिथे नर्सिंग शिकणाऱ्या मुली राहतात. फाटकाला लागून तिची खोली: एक लोखंडी पलंग, भिंतीवर किल्ल्यांचे आकडे, पाठीला शेकायची रबरी पिशवी, आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीतून ती जगाकडे बघते आणि जग तिला कधीच पसंत पडत नाही. मुलींनी तिचं नाव तुरटी ठेवलंय. तुरटी फिरवली की पाण्यातला गाळ जसा खाली बसतो, तशी ही व्हरांड्यातून फिरली की मुलींचा आवाज खाली बसतो. तिला हे नाव माहीत आहे. "निदान उपयोगाची वस्तू तरी निवडली," एवढंच ती म्हणाली.

तीही याच वसतिगृहात शिकायला आली होती. पहिल्याच वर्षी माझ्या आजोबांनी निरोप पाठवला, परत ये, नाहीतर पुन्हा येऊच नकोस. ती गेली नाही. पुढे वॉर्डात पेशंट उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा संस्थेने तिला ही खोली आणि किल्ल्या दिल्या. त्यामुळे एखादी मुलगी "घरी परत जावं लागेल" असं म्हणाली की आत्याचा चेहरा बदलतो. बाकी कशानेच तो बदलत नाही.

जुन्या इमारतीत बाथरूमं व्हरांड्याच्या टोकाला होती. एके सकाळी तिथल्या तुळईचं प्लास्टर धाडकन खाली आलं. आतली सळई गंजून पानासारखी सुटत होती. नशिबाने आत कोणी नव्हतं. तपासणी अधिकारी आला, बघून गेला आणि सगळी इमारत बंद करायला सांगून गेला. असलेल्या मुलींची सोय कशीबशी झाली, काही नातेवाइकांकडे, काही हॉस्पिटलच्या रिकाम्या वॉर्डात. पण नव्या तुकडीचं काय? अधिकाऱ्याने साफ सांगितलं, पुढच्या सत्राच्या आत राहायच्या खोल्या आणि बाथरूमं तयार नसतील, तर नवे प्रवेश रद्द. त्या तुकडीतल्या बहुतेक मुली अशा घरांतून येणार होत्या, जिथे एकदा उंबरठ्याच्या आत परतलेली मुलगी दुसऱ्यांदा बाहेर पडत नाही. आत्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिने मला फोन केला. "तू ते कारखान्यातल्या घरांचं म्हणत होतीस ना? लवकर होतं म्हणे?"

मी हरखून अर्धा तास बोलले असेन. शेवटी ती म्हणाली, "एवढ्यात एक भिंत झाली असती. होतं की नाही एवढं सांग."

"होतं. पण सगळं आधी ठरवावं लागतं."

"मग संपलंच," आत्या म्हणाली. "आमच्याकडे चहात साखर किती हेसुद्धा कप रिकामा झाल्यावर ठरतं."

संस्थेची समिती म्हणजे मुख्यतः अध्यक्ष. पूर्वी कापडाचं दुकान होतं त्यांचं. माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर निदान त्याला काहीतरी हवं असतं. यांना कोणी नाराज व्हायला नको, एवढंच हवं असतं. त्यांचं प्रत्येक वाक्य "हो, पण" ने सुरू होतं, म्हणून मागे सगळे त्यांना होपण म्हणतात. कंत्राटदार त्यांचा मेव्हणा. संस्थेच्या कुंपणापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं त्यानेच बांधलेलं. टाकी एका बाजूला किंचित कललेली आहे. विचारलं की तो म्हणतो, "जमीन कलली आहे."

कारखान्याचा साहेबही काही कमी नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, आणि प्रत्येक चित्रात निळंशार आकाश. "मॅडम, आमच्याकडे मानवी चूक शून्य," तो आत्याला म्हणाला.

"मग माणसं कशाला ठेवलीत कामाला?"

तो हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

समितीची खात्री पटावी म्हणून त्याने एक नमुना पाठवला: एक अख्खं तयार बाथरूम. फरशी, भिंती, आरसा, नळ, भांडं, दिवा, सगळं बसवलेलं. क्रेनने ते अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. दारावर कागद चिकटवला होता: फक्त पाहण्यासाठी, पाणी व निचरा जोडलेला नाही, वापरू नये. मला ते फार आवडलं होतं हे कबूल करायला हवं. कोपरे काटकोनात, फरशीचा उतार बरोबर जाळीकडे. हे आमच्याकडे किती दुर्मीळ आहे, हे ज्याने बाथरूमच्या कोपऱ्यात साचलेलं पाणी पायाने ढकललंय त्यालाच कळेल.

समिती पाहायला आली. आपल्या लोकांची भिंत तपासायची एकच रीत आहे. बोटांच्या पेरांनी टकटक करायचं आणि तोंड वाकडं करायचं. मेव्हण्याने टकटक केलं, तोंड वाकडं केलं.

"पोकळ आहे."

"आत थर आहेत, सर," साहेब म्हणाला. "आवाजावर ताकद नसते."

"भिंत म्हणजे कशी, हात मारला तर हाताला लागली पाहिजे," मेव्हणा म्हणाला. मग त्याने खरंच मारला. हाताला लागलं. पण त्याने ते कोणाला सांगितलं नाही, नुसता पंजा खिशात घातला.

एव्हाना अध्यक्ष आत गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. बाहेर सगळे उभे राहिले. वेळ जायला लागला तसा साहेबाचा चेहरा खुलत गेला.

"फार बारकाईने बघतायत सर," तो हळूच म्हणाला.

आत्या खिडकीत उभी होती. सगळ्यात आधी तिनेच पाहिलं. ठोकळ्यांच्या मधून एक बारीक धार निघाली, अंगणाच्या उताराने वळली आणि साहेबाच्या चकचकीत बुटाशी येऊन थांबली. साहेब एक पाऊल मागे सरला. धारही सरली. मग कडी उघडली, अध्यक्ष रुमालाने हात पुसत बाहेर आले, खाली बघितलं आणि म्हणाले,

"हो, छान आहे. पण गळतं."

पुढच्या बैठकीत हेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. गळतं. एकाने पाहिलं होतं, दुसऱ्याने ऐकलं होतं, तिसऱ्याला वाटतच होतं की गळणार. साहेब लॅपटॉपच्या झाकणाआड लालबुंद होऊन बसला होता. त्याच्या कंपनीने ग्राहकाशी कसं बोलावं हे शिकवलं होतं, पण ग्राहकाला हे कसं सांगावं ते शिकवलं नव्हतं. मेव्हणा पाय लांब करून खुर्चीत पसरला होता. कारखान्याचं सगळं बारगळणार हे उघड दिसत होतं. विटांनी काम सुरू झालं तर सत्रापर्यंत एकच मजला झाला असता, तोही कच्चा.

आत्या सभेत सहसा बोलत नाही. मूर्खांच्या सभेत बोलणं म्हणजे त्यांना सभा समजणं, असं तिचं मत आहे. त्या दिवशी ती उठली.

"अध्यक्षसाहेब, एक विचारू? गळायला आधी आत पाणी लागतं. त्या नमुन्याला पाणी जोडलेलंच नव्हतं. मग जे गळलं, ते आत आणलं कोणी?"

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग एकेका चेहऱ्यावर ते उगवत गेलं. कोणीतरी खोकल्यासारखं केलं. कोणीतरी पेन शोधायला टेबलाखाली वाकलं आणि वर यायलाच तयार होईना. अध्यक्ष छताकडे बघत राहिले. तेवढ्यावर निभावलं असतं, पण मेव्हण्याला वाटलं की आपल्या माणसाची बाजू घ्यायला हवी.

"मी म्हटलं होतं दाजी, माझ्या साइटवर चला, तिथे भिंतीआड सोय आहे. तुम्हीच म्हणालात, इतकं चांगलं समोर असताना तिकडे कशाला!"

हसू फुटलं ते फुटलंच. साहेबसुद्धा हसला, मग घाबरून थांबला.

आत्या जिंकली, पण तिथेच सगळं बिघडलं. चारचौघांत तोंडघशी पडलेला माणूस पूर्ण होकार देऊ शकत नाही. त्याला स्वतःसाठी थोडं काहीतरी राखून ठेवावं लागतं. अध्यक्ष पाणी प्यायले, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हो, बाथरूमं चांगली आहेत, मान्य. पण सगळ्यांचा मान राहिला पाहिजे. तेव्हा असं करू. बाथरूमं कारखान्याची घेऊ. नवी इमारत आपला माणूस बांधेल. दोन्हीचं चांगलं ते घेऊ."

टाळ्या वाजल्या. सगळे खूश. एखाद्याला पोहावं की बुडावं हे ठरत नाही, म्हणून त्याने अर्धं पोहावं असं ठरवलं, तर काठावरचे अशाच टाळ्या वाजवत असतील. इमारत हळू पद्धतीने बांधायची असेल, तर झटपट बाथरूमं आणून बसवायची कशात, हे कोणीच विचारलं नाही. साहेबाने मान डोलावली. काहीतरी विकलं गेलं होतं.

एक गोष्ट मी आत्याला तेव्हाच फोनवर सांगितली होती. तयार बाथरूम म्हणजे सामान नाही, ती खोली असते. मजल्याची जमीन ओतली, की बाहेरच्या भिंती उठायच्या आधी, वरचा स्लॅब पडायच्या आधी, ती क्रेनने आत सोडायची असते. आधी बाथरूम, मग तिच्याभोवती इमारत. उलट करून चालत नाही.

आत्याने हे मेव्हण्याला जाऊन सांगितलं. तो तेव्हा विटांच्या ढिगावर बसून चहा पीत होता.

"बाई," तो म्हणाला, "आधी घर बांधतात, मग त्यात सामान आणतात. का आधी कपाट ठेवून भोवती घर बांधतात?"

"ते सामान नाही. अख्खी खोली आहे ती."

"खोली ना? मग तिला दार असेल."

"आहे."

"आणि माझ्या खोलीलाही दार आहे. दारातून दार येईल. तुम्ही मुलींकडे बघा, भिंती माझ्याकडे सोडा. माझं आयुष्य भिंतीत गेलंय."

"दिसतंय," असं म्हणून आत्या परतली.

रात्री मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? समजलं त्याला?"

"समजायला डोकं लागतं. ते मी कुठून आणून बसवू? तुमच्या कारखान्यात मिळतं का बघ."

"अगं, पुन्हा एकदा सांग. अध्यक्षांना सांग. साहेबाला सांगायला लाव."

"मी एकदा सांगते," आत्या म्हणाली. "दोनदा सांगायला मी घड्याळाचा गजर नाही."

आत्याचा हा तोरा मला लहानपणापासून माहीत आहे आणि आवडतोही. पण तोऱ्याने भिंत थांबत नाही. मेव्हणा या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, झपाट्याने काम करत होता. कारखान्याला दाखवून द्यायचं होतं ना! खालचा मजला झाला, वरचा झाला, बाहेरून प्लास्टरही झालं. प्रत्येक मजल्यावर बाथरूमसाठी चौकोनी कोरी खोली सोडलेली, चारही बाजूंनी पक्क्या भिंती, एका बाजूला माणसापुरतं दार. आत्या खिडकीतून बघत होती. तिला काय दिसत होतं हे तिला ठाऊक होतं. ती गप्प राहिली. आता यांचं नाक ठेचलं जाईल, याची ती वाट बघत असावी. नाकं ठेचली जातात तेव्हा त्याखाली आणखी काय काय चिरडतं, हे तिला त्या वेळी सुचलं नाही.

मग एका सकाळी ट्रेलर आले. बाथरूमं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एकामागे एक. क्रेनवाल्याने पहिलं उचललं. ते हवेत हळूहळू गरगरत राहिलं.

"कुठे सोडू?" वरून तो ओरडला.

सगळ्यांनी इमारतीकडे बघितलं. इमारत सगळीकडून बंद होती.

मेव्हण्याने टेप काढली. आधी दार मोजलं. मग बाथरूम मोजलं. मग पुन्हा दार मोजलं, जणू मधल्या वेळेत दाराला लाज वाटून ते रुंद झालं असेल. अध्यक्ष बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत होते.

"हो, मोठं आहे," ते म्हणाले. "पण जरा तिरकं केलं तर?"

क्रेनवाल्याने ते अंगणात खाली टेकवलं, स्वतः उतरला आणि क्रेनला टेकून हसत बसला. साहेबाला फोन लावला. त्याने शांतपणे सांगितलं की बसवण्याचा क्रम कंपनीने आधीच कळवला होता.

"कोणाला?" आत्याने विचारलं.

"समितीला, मॅडम."

"समितीत कोणाला?"

"समितीला," तो पुन्हा म्हणाला. मानवी चूक शून्य म्हणतात ती हीच.

मी जाऊन पाहिलं. मार्ग होता. बाहेरच्या भिंती फोडायच्या, पण स्लॅबचं वजन त्याच भिंतींवर होतं. म्हणजे आधी टेकू द्यायचे, मग फोडायचं, बाथरूम आत सरकवायचं, पुन्हा बांधायचं. हे मी कागदावर काढून दाखवलं. मेव्हणा म्हणाला, बांधलेलं पाडणं आपल्या तत्त्वात नाही. अध्यक्ष म्हणाले, हो, पण सत्र तोंडावर आलंय. आणि ते मात्र खरं होतं. फोडाफोडीत सत्र गेलं असतं, प्रवेश गेले असते. मेव्हण्याकडून त्या कोऱ्या खोल्यांत नवी बाथरूमं बांधून घ्यायची म्हटली, तरी पाइपाला भोकंसुद्धा सोडलेली नव्हती. त्याचं म्हणणं, ती कारखान्याच्या बाथरूममध्ये आहेत ना, मग भिंतीत कशाला! तेलही गेलं आणि तूपही गेलं.

त्या दुपारी, सगळी बाथरूमं अंगणात ओळीने उतरवून झाल्यावर, आत्या खिडकी सोडून बाहेर आली. कंबरेवर हात ठेवून त्या प्लास्टिकच्या रांगेपुढे उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी जहरी बोलेल. ती म्हणाली, "प्लंबरला बोलाव."

जुन्या इमारतीचा निचरा अंगणाखालून गेला होता आणि तो शाबूत होता. प्लंबरने बाथरूमं होती तिथेच ओळीने नीट टेकवली, खालून पाइप जोडले, कललेल्या टाकीतून पाणी आणलं. आत्या सगळा वेळ त्याच्या डोक्यावर उभी होती. एकच गोष्ट तिने त्याला पुन्हा पुन्हा सांगितलेली मी ऐकली, दोनदा नाही, दहादा: "जोड घट्ट बसव. पुन्हा बघ. पुन्हा बघ म्हणते ना." प्लंबर वैतागून म्हणाला, "ताई, एकदा सांगितलं की कळतं मला." आत्या म्हणाली, "कळू दे. तरी बघ."

तपासणी अधिकारी आला. खोल्या पाहिल्या, बाथरूमं मोजली. ती इमारतीत असायला हवीत असं त्याच्या नियमात कुठे लिहिलेलं नसावं, किंवा असेल तर त्यालाही घरी जायची घाई होती.

"बाथरूमं आहेत," तो म्हणाला.

"आहेत," आत्या म्हणाली.

"हे तात्पुरतं ना?"

"अगदी तात्पुरतं," अध्यक्ष पुढे होऊन म्हणाले. त्या दिवसापासून भिंत फोडायचा विषय समितीपुढे एकदाही आलेला नाही. अधिकारी एवढंच बजावून गेला की यातलं एक जरी बंद पडलं, तर परवानगी परत.

नवी तुकडी आली. मुलींना प्रवेश मिळाले. मजल्यावरच्या चौकोनी कोऱ्या खोल्यांत आत्याने त्यांच्या पेट्या ठेवायला लावल्या. सकाळी मुली बादल्या, टॉवेल घेऊन जिना उतरतात, अंगण ओलांडतात, आणि अख्ख्या गल्लीतल्या गच्च्यांवरून दिसणाऱ्या रांगेत उभ्या राहतात. उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्षांनी याला परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम म्हटलं. मेव्हण्याला शाल मिळाली. तो मला म्हणाला, "बघ पोरी, शेवटी मावलं की नाही कुठेतरी?"

मी परवा गेले होते तेव्हा आत्या अंगणात होती. ऊन चढलं होतं. ती प्रत्येक बाथरूमच्या खालच्या कोपऱ्याशी वाकून, हात कंबरेला लावून, अंगठा दाबून बघत होती. पेशंटच्या पायाला सूज आहे का बघतात तसा.

"इथे दाब," ती मला म्हणाली.

मी दाबलं. बाहेरचा पत्रा किंचित आत गेला आणि तसाच राहिला. आतला थर फुगला होता. ही भिंत ऊनपावसासाठी नसतेच. तिच्याबाहेर आणखी एक भिंत आहे असं धरूनच ती केलेली असते.

"साहेबाला फोन केला होता," आत्या म्हणाली. "तो म्हणतो, आम्ही ते बाहेर ठेवायला बनवतच नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. मेव्हण्याला विचारलं, तो म्हणतो मी सांगितलंच होतं पोकळ आहे म्हणून. होपणला विचारण्यात अर्थ नाही."

मी वरून छत कसं घालता येईल, कडा कशा बंद करता येतील, हे सांगायला सुरुवात केली.

"ते कर. आजच कर. पण मी ते विचारत नाहीये." तिने अंगठा पुन्हा त्याच कोपऱ्यावर ठेवला. पलीकडे एक मुलगी आत पाणी सोडून काहीतरी गुणगुणत होती. "या पोरींचा अजून पूर्ण अभ्यास बाकी आहे. तू शिकलेली आहेस, तर सरळ सांग. आत ठेवायला बनवलेली खोली बाहेर उघड्यावर किती दिवस तग धरते?"